घुमटातला उजळ पट्टा

शाळाशाळांतून फुगवायच्या घुमटात आकाश दाखवणारे नंदुरबारात आम्ही दोघेच, आपापला घुमट घेऊन फिरणारे मी आणि तो. तो बोलताना सारखा चष्मा पुसतो, वाक्य अर्धवट सोडून हसतो. दोन प्रोजेक्टरांची चित्रं जुळतात तिथला उजळ पट्टा मला कधीच घालवता आला नाही. त्याने मोफत सॉफ्टवेअरमध्ये दुरुस्ती करून तो घालवला आणि दुरुस्ती इंटरनेटवर सर्वांना देऊन टाकली. मीही तीच वापरतो.

रनाळ्याच्या मुख्याध्यापकांनी माझं सलग आकाश वाखाणलं, तेव्हा पहिली टाळी मदतीला आलेल्या त्याची होती.

बाहेर मी विचारलं, "तुन्हं काम शे, सांगं का नही?"

"मन्हं काय त्यामा? सर्वासनं शे ते," म्हणत तो माझ्या घुमटाची घडी घालू लागला.

त्याची हुशारी मला मिळाली असती, तरी ती दुरुस्ती मी कुणालाच दिली नसती. हेवा वाटतो तो त्याच्या या देऊन टाकण्याचाच.