माळावरचं खारं पाणी

निवृत्त होऊन काही वर्षं झाली, तरी जळकोटच्या पुढं माळावर तोंडाला फेस येऊन पडलेल्या त्या मेंढ्या माझ्या डोळ्यांपुढून जात नाहीत. मेंढपाळ ठाण्याच्या पायरीवर छाती बडवून रडत होता. त्याचा संशय शेजारच्या शेतकऱ्यावर. मेंढ्या ज्वारीत शिरल्या तेव्हा तो चारचौघांत ओरडला होता, "एकेक मारून टाकीन!" एवढं बोललेल्या माणसाला कोणता पोलीस सोडेल? गुन्हा दाखल केला आणि जीप पाठवून त्याला उचललं.

तो जामिनावर सुटला, पण गावानं बघायचं ते बघितलं होतं. त्याची बायको ठाण्यात आली. "पोरीची सुपारी फुटलीय, साहेब. ह्यांच्यावरचा डाग लवकर काढा, न्हायतर सोयरीक मोडंल."

पंचनाम्यात मेंढ्या पडल्या होत्या तिथल्या एका खड्ड्याभोवती पांढरा थर आढळला होता. त्याचा नमुना मेंढ्यांच्या व्हिसेऱ्यासोबत, म्हणजे पोटातल्या अवयवांसोबत, प्रयोगशाळेत पाठवला. अहवाल काही येईना. अशात हायवेवरचा एक ढाबेवाला हळूच म्हणाला, "एक टँकर भरून माळावर जातो आन् रिकामा येतो. दूध न्हाय, डिझेल न्हाय, मंग हाय काय त्यात?"

नाकाबंदी लावून टँकर धरला. वासानं डोळ्यांत पाणी आलं. ड्रायव्हर उडवाउडवी करू लागला. मी त्याच्यापुढं चहा ठेवला आणि गप्प बसलो. ओरडणाऱ्यापेक्षा गप्प बसलेल्या पोलिसाला माणसं जास्त भितात. शेवटी तो बोलला, "रसायनाच्या कंपनीचं खारं पानी हाय. सांडपानी साफ करायच्या टाकीत तसंच सोडलं तर घाण खाणारे जंतू मिठानं मरत्यात. आधी उकळून मीठ काढावं लागतं. मालकानं खर्चापायी ती मशीनच बंद ठेवलीय. पन म्या चोरून वतलं न्हाय, साहेब! मेंढपाळच म्हनला, हितं सोड."

मेंढपाळाला बोलावून समोर बसवलं.

"व्हय," तो म्हणाला. "मिठाचं पानी हाय, ह्यो डायवर म्हनला. मीठ तर आमी सोताच्या हातानं चारतो मेंढरांना. वाळलं की चाटतील म्हनून सोडाय लावलं. मिठानं कशी मरतील?"

अरे देवा! मिठासोबत त्या पाण्यात विषारी रसायनं होती, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. पुढं आलेल्या प्रयोगशाळेच्या अहवालातही तेच निघालं. तो वाचून दाखवला, तेव्हा मेंढपाळ भिंतीला टेकून खाली बसला आणि म्हणाला, "म्हंजी म्याच मारली की."

कंपनीच्या मालकावर गुन्हा दाखल झाला, शेतकऱ्याचं नाव वगळलं. तसा लेखी कागद त्याला द्यायला मी स्वतः गेलो. दारात त्याची बायको उभी होती. सोयरीक आदल्या आठवड्यातच मोडली होती. आतून पोरीच्या रडण्याचा आवाज येत होता. शेतकऱ्यानं कागद उलटासुलटा करून बघितला.

"आता ह्याचं काय करू, साहेब?"

या तपासाबद्दल वरिष्ठांनी माझी पाठ थोपटली. पण खरा आरोपी सापडला म्हणजे न्याय झाला, असं मी तेव्हापासून कुणापुढंच म्हटलेलं नाही.