गुणाबाईची फाईल उघडंना

आमची गुणाबाई म्हणजे लातुरातली एकमेव बाई, जी रात्री दाराला कडी लावत न्हाई. क्लासच्या पोरींचं वसतिगृह चालवते, पोरींचे बाप हज्जार सूचना देऊन जातात, अन् ही बया दार नुसतं लोटून घेते. मी म्हणायचे, "गुणे, चोरांसाठी चहा बी झाकून ठेवत जा!" किल्लारीकडची सून ती. त्र्याण्णवच्या भूकंपात चौकट वाकून सासूच्या खोलीची कडी अडकली, सासू आतच. हिनं बाहेरून दगडानं ठोकली, उघडलीच न्हाई. तवापासून कडीला हात लावला की हिला कापरं भरतं. म्हणून मी लई चिडवत न्हाई. थोडंच चिडवते.

त्या दिवशी सकाळीच ती शेजारी माझ्या दारात आली, पांढरीफटक. "शिल्पा अंथरुणात न्हाई गं."

शिल्पा जळकोटची, बारावीची, शब्दाला महाग पोरगी. चपला जाग्यावर, मोबाईल जाग्यावर, पोरगी गायब. स्टँड पाहिलं, क्लास पाहिला, मैत्रिणींना फोन झाले. न्हाई. बाप जळकोटहून निघालेला. "दार उघडं होतं," गुणाबाई एवढंच घोकून राहिली. "कुणी आत येऊन उचलली असंल तर?"

ओट्यावर कॅमेरा होता, पण घरचा टीव्ही विजेनं जळालेला, त्यामुळं कॅमेऱ्याच्या रेकॉर्डिंग मशीनवर बघायची सोय न्हाई. मशीनवरचं कॉपीचं बटण दाबून रेकॉर्डिंग पेन ड्राईव्हवर घेतलं अन् पळालो कोपऱ्यावरच्या मोहसीनच्या कॉम्प्युटरच्या दुकानात. शटर अर्धंच वर गेलेलं, मी खालूनच शिरले. माझ्या देहाला ते शोभलं न्हाई, ती गोष्ट वेगळी.

फाईल काही उघडंना. "मावशी, ही डीएव्ही जातीची फाईल हाय," मोहसीन म्हणाला. "माझ्याकडचं काहीच हिला वाचंना."

"मग शीक की रे वाचायला, दुकान कशाला मांडलं?"

त्यानं फाईलचं नाव बदलून एमपीफोर केलं. चित्र आलं, पण कसलं! हिरवे पट्टे, फुटलेले चौकोन, अर्धं दार. त्या हिरव्या चिखलात काहीतरी काळं सरकलं अन् गुणाबाई किंचाळली, "माणूस हाय! आत शिरून राहिला!"

"असं न्हाई कळायचं," मोहसीन म्हणाला. "ज्या कंपनीचं मशीन, तिचाच प्लेअर लागतो." तो नेटवरून उतरवायला लावला. किती उतरलं ते दाखवणारी निळी पट्टी आमच्या नळाच्या पाण्यावानी, आली तर आली. मधीच गुणाबाईचा फोन वाजला. शिल्पाचा बाप. तिनं उचलला न्हाई, टेबलावर उलटा ठेवला, न् वाजायचा थांबेस्तोवर त्याच्यावर हात दाबून धरला.

मग चित्र आलं, स्वच्छ. पहाट. ओटा, तुळस, दोरीवर पोरींचे टॉवेल. आत कुणीच जात न्हाई. अन् एकदम सगळं चित्र थरथरलं.

"फाईलच खराब हाय मावशी."

"न्हाई." गुणाबाई उठून उभी राहिली. "टॉवेल बघ."

चित्राची थरथर थांबली होती. तुळशीचं पान हालंना, टॉवेल मात्र झुलून राहिले होते.

"जमीन हालली रे. अन् मी तापाची गोळी घेऊन मेल्यावानी निजले!"

मला मात्र पहाटे जाग आली होती. मला वाटलं, पाण्याचा टँकर गेला.

पडद्यावर दार उघडलं. शिल्पा. अनवाणी, एकटी. डावीकडं पळाली, मोकळ्या प्लॉटांकडं. आम्ही सकाळपासून उजवीकडं, स्टँडच्या बाजूनं हिंडत होतो. मोहसीननं रेकॉर्डिंग पुढं ओढलं. दूधवाला आला, गेला. शिल्पा काही परत येईना.

"तिकडं ती जुनी विहीर..." मी बोलून बसले. जळो माझी जीभ. गुणाबाई शटरखालून कवाच बाहेर पडली होती.

विहिरीच्या अलीकडंच दिसली पोरगी. भिंतीपासून लांब, खांबापासून लांब, मधोमध उकिडवी, गुडघे कवटाळून बसलेली. दात वाजत होते.

"अगं, हाक तरी मारायची!" मी ओरडले.

"आवाजच फुटंना, मावशी. आजी सांगायची, हाललं की मोकळ्यात पळायचं. अन् मोठं माणूस बोलवायला आल्याबिगर घरात परत जायचं न्हाई, पुन्हा हालतं. मी वाट बघून राहिले. कुणी आलंच न्हाई."

गुणाबाईनं तिच्या बापाला फोन लावला. "पोरगी हाय. माझ्यापाशी हाय." मग तिथंच ओल्या मातीत बसली अन् पोरीला पदरात ओढलं.

थोड्या वेळानं शिल्पानं इचारलं, "आता जायचं का आत?"

"थांब जरा," गुणाबाई म्हणाली. "मला बी लई भ्या वाटून राहिलंय."

मग मी बी बसले. काय करता.