बागेतलं निंदण

माझ्या बायकोला बागेत येऊ द्यायचं नाही, असं आमच्या मंडळाने ठरवलं तेव्हा ती माझ्या शेजारच्याच खुर्चीवर बसली होती. बैठकीत वाटलेल्या पेढ्याचा कागद ती उलगडत होती आणि पुन्हा घडी करत होती. अध्यक्षांनी विचारलं, "कुणाचा विरोध?" ती त्यांच्याकडे पाहून हसली. विरोध फक्त माझा होता. "एक सोडून सगळे," असं म्हणून त्यांनी पुढचा विषय घेतला. पुढचा विषय ठिबकच्या नळ्यांचा होता.

मी यवतमाळच्या एसटी डेपोत मेकॅनिक होतो. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायची. आमच्या कॉलनीमागे नगरपालिकेची ही बाग. बाग म्हणजे नुसतं नाव राहिलं होतं. एवढी मोठी जागा, पण आत घाणेरीची जाळी, कमरेइतकं गाजरगवत, फुटक्या बाटल्या. कारंज्याच्या हौदात डुकरं लोळायची. मेलेलं कुत्रं टाकायचं असलं की लोक तिथेच आणून टाकत.

निवृत्त झाल्यावर तिने आणि तिच्या शाळेतल्या मैत्रिणीने खुरपी घेऊन तिथे जायला सुरुवात केली. मैत्रीण मागच्याच गल्लीत राहते. दोघींनी आयुष्यभर एकाच डब्यात जेवण केलं म्हटलं तरी चालेल. आधी लोक हसले, मग काही जण सोबत आले. कॉलेजातून निवृत्त झालेले एक प्राचार्य आले, त्यांना बोलता छान येत होतं, म्हणून ते अध्यक्ष झाले. मंडळ रीतसर नोंदवलं आणि नगरपालिकेने बागेची देखभाल आमच्याकडे सोपवली. आमच्या गावात उन्हाळ्यात नळाला पाणी कधी येईल याचा नेम नसतो. तिने घरचं धुण्या-भांड्यांचं पाणी साठवून बहावे आणि कडुनिंब जगवले. मी सायकलला कॅन बांधून ते पोचवायचो. पाहुणे आले तरी अंघोळ जपून करा, असं ती तोंडावर सांगायची. माझी बहीण त्या कारणावरून रुसली ती अजून रुसलेलीच आहे.

बाग खरंच सुंदर झाली. लोक फिरायला येऊ लागले, मोठ्या साहेबांच्या गाड्या फाटकाशी थांबू लागल्या. नेमकं त्याच सुमारास तिचं डोकं उसवायला लागलं.

आधी शब्द गेले, मग रस्ते. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, हे आता वाढतच जाणार. तिच्या डोक्यातून शाळेची सगळी वर्षं आधी निघून गेली. माझ्यासोबतची बरीचशी गेली. राहिलं ते बाभुळगावकडचं तिच्या बापाचं वावर. लहानपणी ती आईसोबत तिथे निंदायला जायची, पऱ्हाटीतलं म्हणजे कपाशीतलं तण काढायला. तर आता तिला बाग म्हणजे ते वावर वाटायचं.

मंडळाने नागपूरच्या नर्सरीतून रंगीत फुलांची रोपं आणून गोल वाफे केले होते. एके सकाळी मी बुटाची नाडी बांधायला वाकलो आणि वर पाहिलं तर ती वाफ्यात उकिडवी बसलेली. रोपं मुळासकट उपटून, माती झटकून, शिस्तीत वावराच्या धुऱ्यावर, बांधावर टाकावीत तशी बाजूच्या फरशीवर टाकत होती.

"अवो, पऱ्हाटी पार तनात गेली," ती म्हणाली. "कोणी पाहूनच नाही राह्यलं."

मी तिला उठवलं. त्या दिवशी सगळे हसले. कोणीतरी मोबाइलवर तिचं चित्रण केलं आणि दुपारी ते मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं. खाली हसरे चेहरे. "आमच्या नवीन माळीणबाई," असंही एकाने लिहिलं. मी त्या ग्रुपमध्ये आहे, हे सगळ्यांना माहीत होतं.

मी तिचा हात धरूनच फिरायचो, पण ती हिसका देऊन सुटायची. वावरात काम करणाऱ्या बाईची ताकद कुठून यायची कोण जाणे. वाफा दिसला की बसलीच. मी नवीन रोपं आणून देतो म्हणालो, दिलीही. पण जिल्ह्याच्या उद्यान स्पर्धेची पाहणी जवळ आली होती आणि सगळ्यांचा जीव त्या वाफ्यांत अडकला होता.

पाहणीच्या आदल्या सकाळी ते घडलं. मी नळाखाली तिची चप्पल धूत होतो, तिने ती चिखलात बुडवली होती. ओरडणं ऐकून वळलो. तिची मैत्रीण तिच्यासमोर उभी होती. मैत्रिणीने तिचं मनगट पिरगाळून धरलं होतं आणि दुसऱ्या हातातल्या खुरप्याच्या मुठीने तिच्या बोटांवर मारत होती. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. ती बोटं उघडून रोप सोडेपर्यंत.

"किती वेळा सांगायचं? अं? किती वेळा?"

माझी बायको रडत नव्हती. मान खाली घालून ती म्हणाली, "मारू नका बाई. मी काम करून राह्यली ना. बसून नाही राह्यली."

मी पोचलो तेव्हा मैत्रीण धापा टाकत होती. मला म्हणाली, "भाऊजी, तुम्ही हिला घरी काहून नाही ठेवत? आम्ही का वेडे आहोत इथं मरमर करणारे?"

भोवती लोक जमले होते. एकानेही तिच्या बोटांकडे पाहिलं नाही. अध्यक्ष वाफ्यापाशी वाकून किती रोपं वाचतील ते पाहत होते. बोटं काळीनिळी पडली. घरी मी हळद लावली, तर ती म्हणाली, "लग्न हाय का कोणाचं?"

बक्षीस मिळालं. त्यानंतरच्याच बैठकीत पेढे वाटले आणि तिला बंदी घातली. फाटकावरच्या चौकीदाराला तसं सांगून ठेवलं. तो चौकीदार बिचारा मला पाहिलं की तंबाखू मळायला लागायचा, म्हणजे माझ्याकडे पाहावं लागू नये. मी तिला दुसऱ्या रस्त्याने फिरायला न्यायचो. पण तिचे पाय तिकडेच वळायचे. फाटकाच्या गजांना धरून ती उभी राहायची आणि आत फिरणाऱ्या बायांना मजुरीवर घ्या म्हणून विनवायची. त्या बाया फेरी बदलत.

थंडीत मी एकटा आत गेलो होतो. मला बंदी नव्हती. मधल्या बहाव्यांखाली नवीन दगडी बाक बसवले होते. एकावर स्टीलची पाटी होती. वर माझ्या बायकोचं नाव, नावाआधी 'कै.', खाली लिहिलेलं: वृक्षमाता, यांच्या स्मरणार्थ.

मी तसाच अध्यक्षांच्या घरी गेलो. ते व्हरांड्यात पेपर वाचत होते. मला बसा म्हणाले.

"साहेब, ती जिवंत आहे," मी म्हणालो.

"बाकांचं काम एकदाच निघालं होतं," ते म्हणाले. "कारागीर पुन्हा पुन्हा कुठे बोलवायचा? आज ना उद्या लागणारच होती. यामागची भावना बघा तुम्ही."

"पण जिवंत आहे ती."

त्यांनी चष्मा काढला. "शरीराने, हो," ते म्हणाले. मग आत आवाज देऊन माझ्यासाठी पाणी मागवलं.

मी पाणी प्यायलो. का प्यायलो ते मला आजही सांगता येत नाही. तोंड कोरडं पडलं होतं, एवढंच.

दुसऱ्या दिवशी पाने, पेचकस, छिन्नी अशी माझी हत्यारं घेऊन बागेत गेलो. चांगलं उजाडलं होतं, फिरणाऱ्यांची गर्दी होती. मी बाकासमोर मांडी घालून बसलो आणि पाटीचे स्क्रू काढायला लागलो. एक गंजलेला होता, तो छिन्नीने तोडला. मंडळातले लोक पाच-सहा हातांवरून गेले, कोणी थांबलं नाही. एका अनोळखी माणसाने विचारलं, "दुरुस्ती चालली का?" मी हो म्हणालो. पाटी त्याच दिवशी भंगारवाल्याला दिली. मंडळाने माझं सदस्यत्व काढून घेतलं.

यंदा फेब्रुवारीत मैत्रीण आमच्या घरी आली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. सोबत तिळाचे लाडू होते, संक्रांत होऊन गेली होती तरी. माझी बायको खुर्चीत बसली होती, आताशा ती फारशी उठत नाही. तिने मैत्रिणीला ओळखलं नाही, पण पाहुणी आली म्हणून तिला आनंद झाला. तिचा हात हातात घेऊन ती कुरवाळत राहिली. "कोणाची व तू, पोरी?" असं विचारत राहिली. मैत्रीण रडायला लागली. चांगली हमसून रडली. मी समोर उभा राहून पाहत होतो आणि मला बरं वाटत होतं.

निघताना ती दारात थांबली. आवाज खाली आणून म्हणाली, "भाऊजी, त्या दिवशीचं तिला काही आठवत नसेल ना?"

तिला काहीच आठवत नव्हतं. तिला सकाळचा चहा आठवत नव्हता.

"रोज आठवते, वहिनी," मी म्हणालो. "तुमचं नाव घेते आणि बोटं लपवते."

कठड्याला धरून ती पायऱ्या उतरली आणि मागे न पाहता गेली. त्यानंतर ती आली नाही. मागच्या गल्लीतूनही जाताना दिसत नाही, भाजी आणायला सुनेला पाठवते म्हणतात.

मी आत आलो तर बायकोचा एक लाडू खाऊन झाला होता.

"बाई चांगली होती," ती म्हणाली. "चहा न पाजता कायले जाऊ देली तिले?"

"घाईत होती," मी म्हणालो, आणि तिच्या मांडीवरचे तीळ झटकले.