केर्स्टिनच्या पत्रिकेचे अक्षांश-रेखांश

माझे सासरे विष्णू परचुरे बत्तीस वर्षं फ्रँकफर्टमध्ये राहताहेत, पण फुल्डाच्या पलीकडे ते एकदाही गेलेले नाहीत. फुल्डा आमच्यापासून रेल्वेनं तासाभरावर. त्याच्या पुढे थोड्या अंतरावर पूर्वी दोन जर्मनींमधलं कुंपण होतं. ते निघाल्याला पस्तीस वर्षं झाली, तिथे आता गाई चरतात, हे बाबांना कितीदा तरी सांगून झालं. मयुरेशला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, पूर्वेकडच्या लाइपझिगमध्ये चांगली नोकरी मिळत होती, तेव्हा बाबांनी असा चेहरा केला की जणू मुलगा काळ्या पाण्यावर निघालाय. ती नोकरी राहूनच गेली. मी महिनाभर धुमसत होते.

माणूस तसा सज्जन. गिअर बनवणाऱ्या कारखान्यात सत्तावीस वर्षं डिझाइनचं काम केलं, कुणाशी कधी वाकडं नाही. पण भित्रे, कमालीचे भित्रे. घंटीपाशी नाव लावायचं नाही म्हणायचे. टपालवाला पत्रं परत न्यायला लागला तेव्हा मीच लावलं. पाकिटावरचा पत्ता कात्रीनं कापून त्याचे तुकडे दोन वेगळ्या डब्यांत टाकायचे. घरातलं महत्त्वाचं काही बोलायचं असलं की स्वयंपाकघरातला नळ सोडायचे आणि त्या आवाजात बोलायचे. मी मागोमाग जाऊन नळ बंद करायची. सासूबाई, ऊर्मिला नाव त्यांचं, होत्या तेव्हा मी एकदा त्यांच्याकडे कुरकुर केली. त्या म्हणाल्या, लग्न झाल्यापासून हे असेच आहेत, त्यामागचं कारण मी विचारलं नाही, तूही विचारू नकोस. त्या गेल्याला पाच वर्षं झाली. मी विचारलं नव्हतं.

आमचं लग्न ठरताना मात्र या भित्र्या माणसानं सगळ्या नातेवाइकांसमोर ठणकावून सांगितलं होतं की मुलीची पत्रिका मागायची नाही. जन्मतारीख, वेळ, गाव, काहीही विचारायचं नाही. माझे वडील तर भारावून गेले. सासरे किती पुरोगामी आहेत, हे मी मैत्रिणींना अकरा वर्षं सांगत आले.

गेल्या मार्चमध्ये त्यांच्या नावानं एक पत्र आलं. पत्ता हातानं लिहिलेला, पाठवणारी कुणी केर्स्टिन लोझं, गाव पूर्वेकडचं, सॅक्सनीतलं. बाबांनी ते हातात घेतलं, नाव वाचलं आणि जवळच्या खुर्चीवर बसले. उघडलं नाही. कपाटात स्वेटरांच्या खाली ठेवून दिलं. त्यानंतर त्यांचं सकाळचं फिरणं बंद झालं. घंटी वाजली की ते आतल्या खोलीत जायचे. रक्तदाब एकशे ऐंशीच्या खाली येईना, तेव्हा मी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घरात काही घडलंय का? बाबा म्हणाले, नाही. मी म्हटलं, एक पत्र आलंय. घरी येताना ते माझ्या चार पावलं पुढे चालत राहिले.

दुसऱ्या दिवशी ते पत्र घेऊन स्वयंपाकघरात आले. नळ सोडला. या वेळी मी तो बंद केला नाही.

“सुमेधा, तू वाच,” ते म्हणाले. “पण मला सगळं सांगू नकोस.”

पत्र जेमतेम सहा ओळींचं होतं. आई वारल्यावर केर्स्टिननं जुन्या पूर्व जर्मनीच्या गुप्त पोलिसांकडची स्वतःची फाइल बघायला मागितली होती. दोन वर्षांनी ती हातात आली. त्यात विष्णूचं एक पत्र होतं, विष्णूच्या सहीचा एक कागद होता, आणि भारतीय लिपीतला आणखी एक कागद होता, तो तिला वाचता येत नव्हता. सतरा मेला ती भाचीकडे फ्रँकफर्टला येणार होती. तिला भेटायचं होतं.

मी एवढंच सांगितलं की ती सतरा मेला येतेय. बाबांनी ओट्याची कड घट्ट धरली. मग विचारलं, आपला पासपोर्ट काढून घेतील का? पासपोर्टचा काय संबंध, मी म्हटलं, काय केलंत तुम्ही? आणि मग तीन संध्याकाळी, थोडं थोडं करून, त्यांनी सांगितलं.

एकोणीसशे ब्याऐंशीत ते पूर्व जर्मनीत शिकायला आले, शिष्यवृत्तीवर. आपण तेव्हा ना अमेरिकेच्या बाजूचे ना रशियाच्या, त्यामुळे दोन्हीकडून शिष्यवृत्ती घ्यायला मोकळे. पुण्यातल्या घरी याचं कोण कौतुक होतं. पुढच्या वर्षी अमेरिकेनं पश्चिम जर्मनीत नवी क्षेपणास्त्रं आणली. त्याला उत्तर म्हणून रशियानं पूर्वेकडच्या जंगलांत आपली आणून ठेवली. वसतिगृहात विषारी वायूचे मुखवटे घालायची कवायत सुरू झाली. सुरुवात झालीच तर हाताशी किती मिनिटं असतील, यावर मुलं जेवताना पैजा लावायची. बाबा पलंगाखाली बूट, स्वेटर आणि पासपोर्ट ठेवून झोपायचे. बाकीची मुलं हसायची.

न हसणारी एक होती, ती केर्स्टिन. यांच्याच वर्गातली, बावीस वर्षांची. तिचं गाव अशाच एका जंगलाला लागून होतं. लहानपणी ती तिथे भूछत्रं गोळा करायला जायची आणि आता तिथे कुंपण घातलंय, एवढंच तिनं बाबांना सांगितलं होतं. त्यापलीकडे ती बोलली नाही, यांनी विचारलं नाही. दोघांचं जमलं. बाबांनी घरी आईला कळवलं, आणि आईनं उलट टपाली जे कुठलीही मराठी आई विचारेल तेच विचारलं: मुलीची जन्मतारीख, जन्मवेळ आणि जन्मस्थान पाठव, जोशींना दाखवते.

इथे माझ्या इंजिनिअर सासऱ्यांनी माती खाल्ली. जोशीबुवांना जर्मनीतलं खेडं कुठून सापडणार, आणि गणित तर चोख व्हायला हवं. म्हणून हे ग्रंथालयात गेले, मोठा नकाशा काढला आणि त्या खेड्याचे अक्षांश-रेखांश कलांपर्यंत, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागापर्यंत, अचूक मोजून घेतले. जन्मवेळ केर्स्टिनकडून काढून घेतली, तीही खोटं सांगून: आमच्याकडे जन्माच्या नेमक्या मिनिटाला वाढदिवस करतात म्हणून. तिनं बिचारीनं आईला विचारून सांगितलं, पहाटे चार वाजून सतरा मिनिटं. ऑक्टोबर चौऱ्याऐंशीत यांनी ते सगळं स्वच्छ अक्षरात मांडून, मुलीच्या नावासकट, वसतिगृहाजवळच्या पेटीत टाकलं. परदेशी विद्यार्थ्यांची पत्रं फोडली जातात, हे तिथल्या पोरासोरांनाही ठाऊक होतं. पण लग्नाच्या पत्रात लपवायचं काय, असं यांना वाटलं. गुप्त रशियन क्षेपणास्त्रांशेजारचे अक्षांश, रेखांश, आणि मिनिटापर्यंतची वेळ. मला ऐकताना हसू आलं आणि लगेच अंगावर काटा आला.

जानेवारीत त्यांना बोलावणं आलं. एका खोलीत दोन माणसं होती. टेबलावर पत्राचा फोटो आणि त्याचं भाषांतर होतं. चार सतराला काय होणार आहे? हे जोशी कोण, कुणासाठी काम करतात? बाबांनी ग्रह, नक्षत्रं, गुणमेलन सगळं समजावून सांगितलं. त्यातला एक जण म्हणाला, इतकी बालिश सबब आम्ही अमेरिकनांकडूनही ऐकलेली नाही. मग त्यांनी एक टाइप केलेला कागद पुढे सरकवला. त्यात लिहिलं होतं की ही ठिकाणाची माहिती केर्स्टिननं स्वतःहून, परदेशात जाणार हे ठाऊक असताना, मला दिली. सही केली तर शिक्षण पूर्ण करता येईल. नाही केली तर हेरगिरीचा खटला, आणि किती वर्षांचा ते त्यांनी बोटांवर दाखवलं.

“मी सही केली,” बाबा म्हणाले. “विचारसुद्धा नाही केला गं. मला फक्त त्या खोलीतून बाहेर पडायचं होतं.”

केर्स्टिनला महिन्याच्या आत विद्यापीठातून काढलं आणि सूतगिरणीत कामाला लावलं. बाबांनी तिला त्यानंतर एकदाच पाहिलं, ट्रामच्या थांब्यावर, रस्त्यापलीकडे. यांनी मान खाली घातली आणि ट्राम येईपर्यंत वर केली नाही. आईला पत्र लिहिलं की तो विषय संपला, पुन्हा पत्रात काढू नकोस. आईनं काढला नाही. पत्रिकेचं काय झालं, हेही तिनं कधी कळवलं नाही. हे पदवी घेऊन परत जायच्या आधीच ती वारली. परकी मुलगी निवडली म्हणून आई रागातच गेली, हे यांनी मनाशी धरून ठेवलं ते आजपर्यंत.

मला त्यांचा राग आला, खोटं कशाला सांगू. मी दोन दिवस त्यांच्याशी तुटक बोलत होते. तिसऱ्या दिवशी ऑफिसातून येताना मनात आलं, मी तेवीस वर्षांची आणि त्या खोलीत असते, तर मी काय केलं असतं? घरी आल्यावर मी त्यांना चहा करून दिला.

सतरा मे शनिवार होता. बाबांना बाहेर कुठे भेटायचं नव्हतं. लोक ऐकतात म्हणे. म्हणून तीन वाजता तिला घरीच बोलावलं. मयुरेश कामासाठी हॅम्बुर्गला होता. त्या आठवड्यात जर्मनीत पुन्हा लांब पल्ल्याची क्षेपणास्त्रं आणायची चर्चा बातम्यांत चालली होती, तेव्हा मी सकाळपासून टीव्ही लावू दिला नाही. बाबांनी दोनदा शर्ट बदलला. अडीच वाजता म्हणाले, तू सांग मी आजारी आहे. मी म्हटलं, बाबा, मी खोटं सांगणार नाही. हे मी जरा लागेल असं बोलले, मला कळलं, पण बोलून गेले.

ती आली. आखूड पांढरे केस, पाठीवर सॅक, हातात झाडाचं एक रोप. गिरणीनंतर ती नर्स झाली होती, आता निवृत्त. तिनं बूट काढले, हात पुढे केला आणि बाबांनी तो दोन्ही हातांनी धरला.

“मी सही केली होती,” बाबा उभ्यानंच जर्मनमध्ये म्हणाले. “तू काही दिलं नव्हतंस. नकाशातून मी काढलं होतं. वेळही तुझ्याकडून फसवून घेतली.”

“हो, वाचलंय मी,” ती म्हणाली. “आणि तुला बरं वाटावं म्हणून मी आलेले नाही, विष्णू. पाच वर्षं मी त्या गिरणीत काढली. माझी आई मरेपर्यंत मला विचारत होती, तू त्याला काय सांगितलंस म्हणून. तर आता खाली बस. मला हे वाचून दाखव.”

तिनं सॅकमधून एक कागद काढला. झेरॉक्स होती. कोपऱ्यात तिथल्या खात्याचा शिक्का आणि तारीख: चौदा जानेवारी पंच्याऐंशी. खाली निळसर उमटलेली मराठी, किरट्या, डावीकडे झुकलेल्या अक्षरात, आणि मधोमध कुंडलीचा चौकोन. कडेला कुणीतरी जर्मनमध्ये शेरा मारला होता: आकृतीचा अर्थ लागत नाही, आकडा अठ्ठावीस, बहुधा तारीख.

“आईचं अक्षर,” बाबा मला मराठीत म्हणाले. हे पत्र त्यांच्यापर्यंत कधी पोचलंच नव्हतं. बाबांना बोलावलं होतं अठरा तारखेला. म्हणजे हे पत्र त्या दोघांच्या हातात आधीच होतं, तरी यांच्यासमोर त्यांनी तो सहीचा कागद सरकवला.

बाबा वाचत होते. मी त्यांच्या खुर्चीमागे उभी होते, मलाही सगळं दिसत होतं. वाचून झाल्यावर त्यांनी कागद टेबलावर पालथा ठेवला. काय लिहिलंय, केर्स्टिननं विचारलं. बाबांनी दाराकडे पाहिलं. मी त्यांना अकरा वर्षं ओळखते. घंटी वाजली की ते असंच बघतात.

“घरच्या गोष्टी,” ते म्हणाले. “आईचा गुडघा. पाऊसपाणी. विशेष काही नाही.”

परक्या बाईसमोर सासऱ्यांना खोटं कसं पाडायचं? आणि नाही पाडलं, तर ही बाई पुन्हा एकदा यांच्या शब्दावर घरी जाणार.

“बाबा,” मी एवढंच म्हटलं.

केर्स्टिन काही न कळल्यासारखी आळीपाळीनं आमच्याकडे बघत होती. मग त्यांनी कागद उलटा केला, चष्मा नाकावर चढवला आणि आधी मराठीत एकेक ओळ वाचून मग तिचं जर्मन सांगायला लागले. जोशींनी पत्रिका मांडली. गोत्राच्या जागी त्यांनी रेघ मारली आणि म्हणाले, तिथल्या लोकांना नसतं, त्यानं काही बिघडत नाही. छत्तीसपैकी अठ्ठावीस गुण जुळतात. तुझ्या काकांना मी बघून घेईन. मुलीला तिखट चालत नसेल तर सवयीनं चालेल. इथवर बाबा नीट आले. पुढची ओळ त्यांनी मराठीत वाचली, “घाबरू नकोस, विष्णू, घेऊन ये तिला,” आणि जर्मनमध्ये त्यांना ती काही केल्या म्हणता येईना. तीन वेळा सुरुवात केली. शेवटी ती मी सांगितली.

केर्स्टिननं दोन्ही हात टेबलावर ठेवले होते. तिनं विचारलं, म्हणजे जुळत होतं?

“जुळत होतं,” बाबा म्हणाले.

तिनं खिशातून पेन काढलं आणि झेरॉक्स त्यांच्यासमोर सरकवली. म्हणाली, प्रत्येक ओळीखाली जर्मनमध्ये लिही, तुझ्या हातानं. खाली तारीख घाल आणि सही कर. फाइलमध्ये माझ्याबद्दल एकशे बारा पानं आहेत, त्यात खरं असं एकही नाही.

बाबांनी पेन धरलं. पहिली ओळ वेडीवाकडी आली. ती खोडून त्यांनी पुन्हा लिहिली. चार वाजेपर्यंत ते लिहीत होते. आज तारीख काय, त्यांनी मला विचारलं, मी सांगितली, ती त्यांनी घातली आणि सही केली.

केर्स्टिननं ते सगळं दोनदा वाचलं. मग तुझ्या आईचं नाव काय होतं, असं तिनं विचारलं. बाबा म्हणाले, चारुलता.

“तेही लिही,” ती म्हणाली.