मधलं नाव

हिवराळेकाकांनी दिलेली चिठ्ठी माझ्या बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात सात महिने पडून होती, आणि ती तिथे आहे हे मला माहीत होतं. माझी चूक सांगायची तर इथूनच सांगायला हवी. 'विसरलो' म्हटलं असतं तर सोपं गेलं असतं. मधले काही महिने मी स्वतःशी तसं म्हणतही होतो. पण मी विसरलो नव्हतो.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी आम्ही काही मित्रांनी 'खटपट' नावाचं मराठी संकेतस्थळ सुरू केलं. घरातल्या बिघडलेल्या वस्तूंबद्दल लोकांनी विचारायचं आणि ज्याला येतं त्याने सांगायचं, एवढाच त्याचा उद्योग. मिक्सरला जळका वास येतोय, पंखा कुरकुरतोय, इस्त्री तापत नाही. विचारणारे रग्गड, सांगणारे पाच-सहा, आणि त्या पाच-सहांचं निम्म्याहून अधिक काम एकटे विश्वनाथ धोंडिबा हिवराळे करत. मरोळच्या एका कारखान्यात त्यांनी उभं आयुष्य विजेच्या मोटारींचं वाइंडिंग केलं होतं, म्हणजे जळालेल्या मोटारीतली तांब्याची तार काढायची आणि नवी गुंडाळायची.

त्यांचं प्रत्येक उत्तर एकाच वाक्याने सुरू होई : 'आधी प्लग काढा.' एकदा कुणीतरी सायकलच्या डायनॅमोबद्दल विचारलं, तर त्यालाही पहिलं वाक्य हेच. खाली लोकांनी भरपूर हसून घेतलं. काकांनी शांतपणे लिहिलं, 'माझी सवय मोडली तर एखादा मिक्सरवाला जायचा. डायनॅमोवाल्यानं सांभाळून घ्यावं.'

तोच प्रश्न पुन्हा आला तरी ते जुन्या उत्तराचा दुवा कधी देत नसत. सगळं नव्याने लिहीत. कुठला स्क्रू आधी, कुठली वायर शेवटी. मी एकदा फोनवर म्हटलं, "काका, हे तुम्ही कितीदा लिहिलंय. जुनंच चिकटवा ना."

"मी दहाव्यांदा लिहितोय सर," ते म्हणाले, "पण ती बाई पहिल्यांदाच वाचतीय."

आणि प्रत्येक उत्तराच्या शेवटी पूर्ण सही : 'आपला, विश्वनाथ धोंडिबा हिवराळे, दिंडोशी.' आमच्याकडे बाकी सगळे टोपणनावांनी वावरायचे. एक 'ढिला स्क्रू' होता, एक 'फ्यूज उडाला'. मी नुसता 'व्यवस्थापक'. त्या गर्दीत त्यांची सही लग्नपत्रिकेतल्या नावासारखी दिसायची, आणि आम्ही काही जण आपसात तिची थोडी चेष्टाही करायचो.

घाटकोपरला एका हॉटेलात आमचं वर्षातून एकदा संमेलन भरे. चिठ्ठी मिळाली त्या वर्षी इडली खाता खाता मी त्यांना विचारलं, "काका, एवढं पूर्ण नाव कशाला हो दर वेळी?"

त्यांनी सांबाराची वाटी बाजूला सरकवली. "आमच्या गावात, जालन्याकडं, माझ्या वडलांना सगळे धोंड्या म्हणायचे. शेंबडी लेकरंसुद्धा. म्हातारा झाला तरी धोंड्याच. मी शाळेत नाव लिहायला शिकलो तेव्हा ठरवलं, जिथं माझं नाव लिहीन तिथं मधे धोंडिबा पूर्ण लिहायचं. आता बघा, मुलुंडपासून अमेरिकेपर्यंत लोक धोंडिबा वाचतात."

मी मान हलवली. चेष्टा मात्र त्या दिवसापासून बंद केली.

त्याच संमेलनात मी उभं राहून जाहीर केलं, की आपण नव्या सॉफ्टवेअरवर जाणार. जुनं फारच जुनं झालं होतं, मोबाइलवर नीट दिसत नव्हतं, जाहिरातवाले घुसत होते. मी म्हणालो, "सगळं जसंच्या तसं येईल. एक शब्द हरवणार नाही." पद्धत सोपी होती. प्रत्येकाला एक मेल जाईल, त्यातलं बटण दाबायचं, की तुमचं जुनं लेखन तुमच्या नावाला जोडलं जाईल. बटण दाबलं नाही तर लेखन राहील, पण नाव आणि खात्यातून आपोआप उमटणारी सही जाऊन त्या जागी 'पाहुणा' येईल.

निघताना काका माझ्याकडे आले. हातात चिठ्ठी होती. ठळक अक्षरात आधी पूर्ण नाव, खाली जुना मेलचा पत्ता, त्याखाली नवा. जुना पत्ता कारखान्याचा होता आणि कारखाना कधीच बंद पडला होता.

"तिकडं मेल धाडली तर तुम्हाला मरोळला जाऊन कुलपाला वाचून दाखवावी लागंल," ते म्हणाले.

मी हसलो. "हो हो काका, नवा टाकतो." आणि चिठ्ठी बॅगेत ठेवली.

सुरुवातीला तो निव्वळ आळस होता, ते मी कबूल करतो. मग स्थलांतराची चाचणी घेतली तेव्हा 'पाहुणा' होणाऱ्यांची यादी निघाली आणि तिच्यात पहिलं नाव काकांचं होतं. ते मी वाचलं. चिठ्ठी आठवली. पण पत्ता बदलायचा म्हणजे सगळी प्रक्रिया पुन्हा चालवायची, आणि रविवारची सकाळ तर मी जाहीर करून बसलो होतो. वाटलं, सुरू तर होऊ दे, मागाहून गुपचूप दुरुस्त करू. रविवारी सकाळी नवं रूप खुलं झालं. 'झकास', 'यार, काय दिसतंय' अशा प्रतिक्रियांचा पाऊस पडला आणि मी दिवसभर त्या वाचत बसलो.

सोमवारी काकांचा फोन आला. "लिमये सर, माझं नाव दिसंना कुठंच. सगळीकडं पाहुणा, पाहुणा."

"काका, तुम्ही मेलमधलं बटण दाबलं नाहीत ना. मुदत संपली."

"मेल आलीच नाही सर. मी तुम्हाला चिठ्ठी दिली होती."

"नव्या पत्त्यावर पाठवली होती मी. बघा, चुकून उडवली गेली असेल," मी म्हणालो. बॅग समोरच्या खुर्चीवर होती.

काकांनी मग नव्याने नाव नोंदवलं. नवं सॉफ्टवेअर नव्या माणसाच्या नावाखाली आपोआप 'नवखा' अशी पट्टी लावतं. विश्वनाथ धोंडिबा हिवराळे, नवखा. तरी ते उत्तरं देत राहिले. पहिलं वाक्य तेच.

पुढच्याच आठवड्यात एकाने पाण्याच्या पंपाबद्दल विचारलं. 'ढिला स्क्रू'ने त्याला 'पाहुणा'चं एक जुनं उत्तर काढून दिलं. काकांनी खाली लिहिलं, 'ते उत्तर माझंच आहे. फक्त कपॅसिटर आता वेगळा येतो.' त्यावर आणखी एक जण, महिनाभरापूर्वीच आलेला, लिहून गेला, 'काका, कालच आलात आणि लगेच दुसऱ्याच्या उत्तरावर आपलं नाव? बरं नाही दिसत ना.' त्याला लोकांनी हसरे चेहरे लावले. काकांना ओळखणाऱ्यांनी ते पाहिलंच नसावं, किंवा पाहून सोडून दिलं.

मी ते सगळं वाचत होतो. माझी एक ओळ पुरली असती. पण ती लिहिली असती तर कुणीतरी विचारलं असतं, मग नाव गेलं कसं? म्हणून मी काकांचं ते वाक्य काढून टाकलं आणि तिथे लिहिलं, 'कृपया वैयक्तिक दावे करू नयेत. – व्यवस्थापक.'

त्यानंतर काकांनी एक अक्षर लिहिलं नाही.

महिने गेले. प्रश्न येत आणि तसेच लोंबकळत राहत. एका सकाळी आमच्याच घरचा मिक्सर बंद पडला. वैशाली, माझी बायको, म्हणाली, "हिवराळेकाकांना विचार ना."

"ते आता लिहीत नाहीत."

"का रे? काय झालं?"

तिला पहिल्यांदा सगळं सांगितलं. ती मिक्सरचं भांडं धुता धुता ऐकत होती. मग म्हणाली, "चिठ्ठी कुठेय?"

"बॅगेत."

"अजून?"

तेवढ्यावर मी त्याच रविवारी दिंडोशीला गेलो.

त्यांच्या दारावर नेहमीसारखी छापील पाटी नव्हती. वाइंडिंगची तांब्याची तार वाकवून वाकवून अक्षरं केली होती आणि फळीवर बसवली होती. तीन शब्द. मधला बाकीच्या दोहोंपेक्षा किंचित मोठा. मी बेल दाबली.

"या सर," काका म्हणाले, जणू मी दर रविवारी येतो. पाणी दिलं. मी चिठ्ठी काढून टीपॉयवर ठेवली आणि सांगत गेलो : चिठ्ठी, यादी, फोनवरचं खोटं, काढून टाकलेलं वाक्य. माफी मागितली. त्यांनी चिठ्ठीची घडी उलगडून सरळ केली.

"मुलगी म्हणाली, पप्पा, तुम्हीच उडवली असंल मेल. मी तिच्यावर चिडलो," ते म्हणाले. "मग मलाच वाटू लागलं, उडवली असंल. वय झालं. आता वायरी जोडताना दोनदा बघतो, हात चुकत तर नाही ना."

मला त्यांच्याकडे बघवेना.

"नाव परत येतं का?"

"येतं काका. जुनी प्रत आहे माझ्याकडे."

"किती दिवसांचं काम?"

"दोन तासांचं."

"दोन तास," ते म्हणाले. आतून काकूंनी चहा आणला. कप माझ्यापुढे सरकवून काका म्हणाले, "घरी येऊन माफी मागितली, बरं वाटलं. चहा घ्या. पण मला खोटं पाडलं ते चारचौघांत, लिमये सर. ते इथं बसून फिटत नाही."

त्याच दिवशी घरी येऊन मी कामाला बसलो. दोन तासही लागले नाहीत. प्रत्येक उत्तराखाली ती तीन नावं परत आली, 'नवखा' गेलं. काका अजून लिहायला आलेले नाहीत. येतील असं मी धरून चाललेलो नाही. नावं परत आलेली पाहिली आणि मग पहिल्या पानावर, सगळ्यात वर, हे लिहिलं :

'या संकेतस्थळावर ज्या उत्तरांखाली गेले काही महिने "पाहुणा" असं दिसत होतं, त्यातली बहुतेक विश्वनाथ धोंडिबा हिवराळे यांची आहेत. त्यांनी आपला नवा पत्ता मला वेळेत, स्वतःच्या हाताने लिहून दिला होता. मी तो भरला नाही. नाव जाणार हे मला आधी कळलं होतं, तरी मी थांबलो नाही. चूक त्यांची आहे असं मी त्यांना फोनवर खोटं सांगितलं. पंपाच्या चर्चेत ते खरं बोलत होते. त्यांचं वाक्य मी काढलं, कारण मला माझी चूक झाकायची होती. ते वाक्य आता जागेवर आहे. हिवराळेकाका, मी तुमची आणि तुमच्या वडिलांच्या नावाची सगळ्यांसमोर माफी मागतो.

आपला,
सुधीर मनोहर लिमये, मुलुंड.'