वैशालीच्या फोटोशी जुळवाजुळव

माझी कशी फजिती झाली ते ऐकायचंय? हसू नका म्हणणार नाही, कारण वैशाली अजून हसतेच आहे!

अलिबागजवळच्या आमच्या प्रयोगशाळेत वैशाली एका लांब नळीत वायूचा जोरदार दणका सोडते. आतल्या लोखंडी पाचरीवर आपटून ती लाट कशी परतते, त्याचा फोटो काढते. मी तेच कॉम्प्युटरवर गणित करून दाखवतो. शेवटी दोन्ही चित्रं शेजारी ठेवायची. आणि सरांचा कडक नियम, तोवर एकमेकांचं बघायचं नाही!

मी मनाशी ठरवलेलं, चित्रं जुळली की वैशालीला मनातलं सांगून टाकायचं. एरवी धीरच होत नव्हता हो!

चित्रं शेजारी ठेवायच्या आदल्या दिवशी तिला पोहे द्यायला गेलो. ती जागेवर नाही आणि स्क्रीनवर फोटो! नजर गेलीच. येणारी लाट आणि परतणारी लाट पाचरीपासून चांगल्या वर भेटलेल्या. माझ्या चित्रात तर पाचरीवरच भेटत होत्या!

वैशाली चुकेल? छे! मीच चुकलो असणार. गणितात पाचरीचा उतार थोडा कमी केला. अजून थोडा. आल्या की लाटा वर! हुबेहूब तिच्यासारख्या.

दुसऱ्या दिवशी सरांनी चित्रं शेजारी ठेवली. माझ्या लाटा वर, तिच्या पाचरीवरच!

"अरे, काल तर वर होत्या!" मी ओरडलोच.

सर चष्म्यावरून बघायला लागले.

"काल?" वैशाली माणगावकडची, चिडली किंवा हसायला लागली की गावचं बोलते. "काल पाचर वाकडी बसली व्हती. तो फोटो टाकूनच द्यायचा व्हता. तू बघितलास व्हय रे?"

"तुझं चुकेल असं वाटलंच नाही गं. म्हणून माझंच बदललं."

"मग तुझं आधीचं कुठाय?"

काढून दाखवलं. तिच्या खऱ्या फोटोशी तंतोतंत!

"आता सगळं पहिल्यापासून," सर उठत म्हणाले. "आणि वैशाली, तुझ्या खोलीला कुलूप लाव."

सर गेले तशी ती खो खो हसत सुटली. "वेडा हायस का? बरोबर आलेलं मोडलंस, माझ्यासाठी?" हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला इतकं भरून आलं की बोलूनच गेलो, "वैशाली, मला तू फार आवडतेस."

ती कानापर्यंत लाल. मग पोह्यांचा रिकामा डबा माझ्या हातात देत हळूच म्हणाली, "हे तरी तुझं तुझं हाय ना? का कुणाचं बघून?"