बोऱ्याच्या दोन झोतांमध्ये नीवेस

१८ जून १९९४ रोजी सकाळी क्लबच्या पेटीतून १४,६०० लिरे देऊन मी नीवेस कोस्लोविचच्या धावण्याच्या बुटांसाठी खिळ्यांची डबी घेतली. नियमाप्रमाणे निम्मे पैसे खेळाडूने द्यायचे. तिने सहा हजार मोजले.

"उरलेले युरोपियन स्पर्धेहून आल्यावर, सिन्योर तुल्लिओ."

"आणि निवड झालीच नाही तर?"

"तर खिळे तुम्हाला. तुमच्या कॉफीच्या गोदामात घसरायला होतं ना?"

नीवेस आमच्या समुद्रकाठच्या त्रिएस्तेची. पहाटे आई ओंदिनाच्या बेकरीत पाव भरायचे आणि दिवस शंभर मीटर अडथळ्यांच्या शर्यतीच्या सरावात घालवायचा. युरोपियन निवडीची वेळ तिने त्या मोसमात दोनदा गाठली होती. दोन्ही वेळा पाठीवरचा वारा सेकंदाला दोन मीटरपेक्षा जास्त निघाला आणि वेळ रद्द झाली. आता शेवटचा दिवस होता, मैदान आमचंच होतं, आणि डोंगरावरून बोरा, आमचा झोंबरा वारा, सुटला होता. वारा मोजण्याचं काम माझ्याकडे होतं.

बोरा सलग वाहत नाही, झोतांनी येतो. आमच्याकडे मूल चालायला लागलं की त्याला वाऱ्यात आधारासाठी नाक्यावर बांधलेला दोर धरायला शिकवतात: झोत जाऊ दे, मग पळ. मैदानामागे, डोंगराच्या बाजूला, होड्या बांधलेल्या असतात. झोत येण्याआधी त्यांच्या डोलकाठ्या दोर आपटून खणखणू लागतात.

"जागा घ्या!" पंच म्हणाले. ते बोलोन्याचे होते, बोरा त्यांना नवा. मुली वाकल्या आणि तेवढ्यात डोलकाठ्या वाजल्या. नीवेस हात वर करून सरळ उभी राहिली.

"चुकीची सुरुवात!" पंच कडाडले. "पुन्हा उठलीस तर बाहेर."

शेजारच्या पट्ट्यातली मिलानची मुलगी हसली. "काय गं, केस विस्कटतील म्हणून घाबरलीस?"

"तुझ्यासाठी थांबले. एवढीशी आहेस, उडून समुद्रात पडशील."

तिचं बोलणं संपलं आणि झोत आला. दोन अडथळे आडवे झाले, पंचांची टोपी थेट समुद्राकडे गेली. प्रेक्षक पोट धरून हसले.

अडथळे उभे झाले, मुली पुन्हा वाकल्या. डोलकाठ्या पुन्हा वाजू लागल्या. आता नीवेसला उठता येत नव्हतं.

"जाऊ दे त्याला, पोरी!" ओंदिना गॅलरीतून ओरडली.

"श्श!" अख्खी गॅलरी तिच्यावर खेकसली. सगळे दोरांचा आवाज ऐकत होते. आणि पंचांनीही, उघड्या डोक्यावरून हात फिरवत, एकदा डोलकाठ्यांकडे पाहिलं. पिस्तूल खालीच ठेवलं. झोत आमच्यावरून गेला. खणखणाट विरला.

"तयार!"

बार झाला. नीवेस अशी सुटली की जणू नाक्यावरचा दोर आत्ताच सोडला. पहिला अडथळा, दुसरा, तिसरा! आठव्याला गुडघा घासला, अडथळा डुगडुगला, ती नाही. रेषेवर तिने छाती झोकून दिली. वेळ तेरा सेकंद सतरा. निवडीची वेळ गाठली होती! पण सगळं मैदान माझ्याकडे बघत होतं.

आकडा वाचला. पुन्हा वाचला. यंत्राची काच पुसली.

"अरे तुल्लिओ, बोल की! यंत्र उलटं धरलंस का?" ओंदिना कठड्यावर चढली होती.

"एक पूर्णांक नऊ!" मी ओरडलो. "वैध!"

पुढचं ऐकूच आलं नाही. नीवेसने आधी मला उचललं, मग पंचांना, आणि त्यांना टोपीचे किती पैसे भरून द्यायचे ते विचारलं.

ती गेली. युरोपियन स्पर्धेत उपांत्य फेरी, मग सहा वर्षं देशाची निळी जर्सी, दोन जागतिक स्पर्धा, त्यात एकदा अंतिम फेरीत सातवी. टीव्हीवर तिला पाहताना आम्ही बेकरीत टेबलं बडवायचो. छताखालच्या मैदानातसुद्धा वाकण्याआधी ती मान कलती करून क्षणभर ऐकायची, आणि ओंदिना म्हणायची, "बघा, आत कुठला आलाय वारा!"

आता बेकरी नीवेस चालवते. त्या डबीचे १,३०० लिरे तिच्याकडून अजून येणे आहेत.